तुम्ही विचारलंत म्हणून: कुटुंबसेवेसाठी कार्यक्रम कोणता घ्यावा?

दुसऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांतली (चर्चमधली) माणसं भेटली की हमखास विचारतात, "तुमच्या लूथरन मंडळीत कुटुंबसेवा छान चालते म्हणे. कार्यक्रम कोणता घेता?" कुटुंबसेवा म्हणजे घराघरांत श्रद्धा रुजवण्याचं काम. मी जरा ओशाळतेच. आमची सुरुवात कार्यक्रम कमी करण्यापासून झाली.

पूर्वी सगळं होतं. उपासना चालू असतानाच संडे स्कूल, शिवाय तरुणसंघ, महिलामंडळ. एका घरातली चार माणसं एकत्र यायची आणि दारातूनच चार दिशांना पांगायची. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गातल्या मुलांना प्रभूची प्रार्थना तोंडपाठ. घरी ती कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. आईवडील म्हणायचे, बाई शिकवताहेत ना! त्या बाई म्हणजे मीच.

ज्याच्या नावावरून आम्ही लूथरन, त्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने हे काम घरावरच सोपवलं होतं. 1528 मध्ये सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांचं अज्ञान बघून तो हादरला (पाळकांचं, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचंही, हे आपण सोयीस्कर विसरतो). 1529 मध्ये त्याची 'लहान प्रश्नोत्तरी', म्हणजे श्रद्धेची मूळ शिकवण देणारं छोटं पुस्तक, निघाली, तीसुद्धा आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांवर. दहा आज्ञा असोत की विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली), मथळ्यातच सांगितलेलं: घरधन्याने घरच्यांना हे सोपं करून शिकवावं. आणि मग पुन्हापुन्हा तोच प्रश्न, "याचा अर्थ काय?"

आम्ही संडे स्कूलची वेळ बदलली. मुलं उपासनेत आईबापांशेजारी बसू लागली. गोंगाट झाला, मागच्या बाकांना उपदेश कितपत ऐकू गेला, देव जाणे. पुढे मी घरोघरी प्रार्थनेची कार्डं वाटली, रोज खूण करायची. महिनाअखेरीला सगळी भरून आली, कित्येक तर एकाच पेनाने, एका बैठकीत. कार्डं बंद केली.

आता बाप्तिस्म्याआधी पाळक घरी जातात. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणाऱ्या धर्मपिता-धर्ममातांनाही बोलावतात आणि सगळ्यांबरोबर त्याच प्रश्नोत्तरीतली संध्याकाळची प्रार्थना म्हणतात. तिच्याखाली लूथरची सूचना आहे: मग लगेच आनंदाने झोपी जावं. एका बापाने ती दोनदा वाचली. "म्हणजे वर उपदेश करायचा नाही?"
"नाही."
"मग जमेल."

मुलाला एकटीने वाढवणाऱ्या एका बाईने विचारलं, "आमच्याकडे घरधनीच नाही, मग?" पाळक म्हणाले, "तुम्हीच की." परवा रात्री साडेनऊला तिचा फोन. मुलगा झोपायला तयार नव्हता. प्रभूच्या प्रार्थनेतल्या पाचव्या विनंतीवर, क्षमेपाशी, दोघं अडले होते.