वहीत नसलेली आत्या

अ‍ॅन आर्बर या अमेरिकेतल्या गावी संशोधनाला आले त्या पहिल्याच आठवड्यात मला गृहपाठ मिळाला: स्वतःच्या घराण्याची वंशावळ काढून आण. आमच्या गटात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे करावं लागतं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. कॅन्सर झालेला असेल तर आकृती काळी करायची, माणूस गेलेलं असेल तर तिरपी रेघ मारायची आणि बाजूला वय.

मी मनातून खूश. पंचवटीत वाढलेली मुलगी मी. आजोबांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा आमच्या उपाध्यांनी वही काढली होती. मागची पानं मोडीत, ती त्यांनी वाचून दाखवली आणि बाबांनी सात पिढ्या कागदावर उतरवून घेतल्या. त्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होताच. बाकीच्यांची गाडी पणजोबांपाशी अडलेली. मी सात मजली वंशावळ काढली आणि रुबाबात नेऊन दिली.

आमच्या प्रमुख बाईंनी ती बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, "छान आहे. या लोकांना बहिणी नव्हत्या का?"

होत्या की. पण वहीत नव्हत्या. आमच्या वहीत अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. लेकी लग्न होऊन दुसऱ्यांच्या वहीत गेल्या. बाईंचा पुढचा प्रश्न, "हे सगळे कशाने गेले?" तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. सात पिढ्यांपैकी माझ्या कामाच्या निघाल्या जेमतेम दीड.

बरेच जण विचारतात की तू तिकडे नक्की करतेस काय, "कॅन्सरवर औषध शोधतेस ना?" नाही. मी घराण्यात उतरणाऱ्या कॅन्सरवर काम करते. सगळा कॅन्सर घराण्यातून येत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या आईचा फोन वाजेल. 100 रुग्णांमागे साधारण 5 ते 10 जणांमध्येच जन्मापासून मिळालेला जीनमधला दोष हे मुख्य कारण असतं. पण ज्या घरात तो असतो त्या घरात तो पिढ्यान् पिढ्या फिरत राहतो.

या कामाची एक जुनी गोष्ट याच गावात घडली. 1895 साली इथल्या विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट वॉर्थिन यांना शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली, मी लवकर मरणार, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने, कारण आमच्या घरात सगळे तसेच जातात. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी तिच्या सगळ्या नातलगांची माहिती गोळा केली आणि 1913 मध्ये ती छापली. ती बाई पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. त्या घराण्यातला नेमका दोष एमएसएच2 नावाच्या जीनमध्ये सापडला तो 2000 साली. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. मला यात वॉर्थिनपेक्षा त्या बाईचं कौतुक वाटतं. सूक्ष्मदर्शक नाही, डॉक्टरकी नाही, नुसतं घरातल्या मरणांकडे लक्ष.

आमच्या घरात असं लक्ष कुणी ठेवलं होतं? त्या रात्री आईला फोन लावला.

"आत्या कशाने गेली गं?"

"पोटात पाणी झालं होतं तिच्या."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पोटात पाणी झालं होतं. टाटाला नेलं होतं, पण उशीर झाला म्हणाले."

आत्या 1993 च्या पावसाळ्यात गेली, वयाच्या 41 व्या वर्षी. मी दोन वर्षांची होते. लहानपणापासून हे "पोटात पाणी" मी इतक्यांदा ऐकलं होतं, की तो एक वेगळाच आजार असावा अशी माझी समजूत होती. बीजांडकोशाचा कॅन्सर पसरला की पोटात पाणी साठतं, हे मी इथे शंभर कागदांवर वाचलं होतं. आत्याशी त्याचा सांधा कधी जुळवला नव्हता. आणि बाबांच्या आत्याचं काय? आई आवाज खाली आणून म्हणाली (घरात एकटीच होती तरी), "त्यांच्या छातीला गाठ होती. पण ते बोलायचं नाही."

स्तनाचा कॅन्सर एकीला, बीजांडकोशाचा बहुधा दुसरीला, दोघी पन्नाशीच्या आत, दोघी वडिलांच्या बाजूच्या. माझ्या धंद्यातलं कुणीही हे ऐकून ताठ बसेल. या चित्रामागे बीआरसीए1 किंवा बीआरसीए2 हे जीन असू शकतात. 1990 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 23 कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरचा एक धागा 17 व्या गुणसूत्रावर आहे. तो जीन, बीआरसीए1, प्रत्यक्ष हाती लागला 1994 मध्ये. आत्या गेल्याच्या पुढच्या वर्षी.

नाशिकला कधी डॉक्टरांनी विचारलंच तर मला विचारलं गेलं, "आईकडे कुणाला?" आईकडे कुणाला नाही. पण हे जीन आईकडून जसे येतात तसेच बापाकडून येतात. मूल मुलगा असो वा मुलगी, शक्यता निम्मी. बापाला स्वतःला बहुधा काही होत नाही, कुणाला शंका येत नाही आणि तो मुकाट्याने पुढे देतो. दोष असला तर बाईला किती धोका? 2017 च्या मोठ्या अभ्यासात ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए1 मध्ये 72 टक्के आणि बीआरसीए2 मध्ये 69 टक्के निघाला. बीजांडकोशाचा अनुक्रमे 44 आणि 17. पण वेळेवर कळलं तर हातात उपाय आहेत: दरवर्षी एमआरआय, मुलं झाल्यावर बीजांडकोश आणि नलिका काढून टाकणं. आत्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

डिसेंबरात घरी आले ती वही-पेन घेऊनच. काकूआजीसमोर बसले. तिच्या मते सगळं द्राक्षांवरच्या फवारणीमुळे होतं, आणि तिच्या आत्येसासूला मात्र दृष्ट लागली होती. पण गप्पांच्या ओघात ती जे बोलली ते कुठल्या इस्पितळाच्या फायलीत मिळालं नसतं. कुणाची पिशवी कधी काढली, कोण मुंबईला जाऊन आली आणि केस गेले म्हणून कायम पदर डोक्यावर घेऊ लागली. कॅन्सर हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही.

खरं तर या जीनची तपासणी आधी आजारी माणसाची करायची असते. आत्या नाही, म्हणून तिची मुलगी. आतेबहीण ओझरला असते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेक लग्नाची आहे. आत्ता नको." मला राग आला. परतीच्या विमानात तो उतरला, कारण तिच्या व्याह्यांना समजवायला मी जाणार नव्हते. बाबा आधी कुरकुरले, "मला काय करायचीय बायकांची टेस्ट?" बीआरसीए2 मुळे पुरुषांना प्रोस्टेटचा धोकाही वाढतो, हे सांगितल्यावर मात्र गप्प झाले. दुसऱ्या दिवशी आधी समुपदेशकाशी बोलले, मग रक्त दिलं. मी तो नमुना हातात घेणं योग्य नव्हतं, घेतलाही नाही.

रिपोर्ट फेब्रुवारीत आला: बीआरसीए1 मध्ये एक बदल, अर्थ अनिश्चित.

हसावं की रडावं कळेना. असल्याच "अनिश्चित" बदलांचा निकाल लावणं हे माझं रोजचं काम. एखादा बदल पुष्कळ निरोगी माणसांत दिसला तर तो निरुपद्रवी ठरतो. पण अशा निरोगी माणसांच्या याद्यांमध्ये भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा. त्यामुळे आपल्या लोकांच्या रिपोर्टात "अनिश्चित" जास्त वेळा येतं. मग आम्ही तो बदल पेशींमध्ये घालतो, गुलाबी सरबतासारख्या द्रवात त्या वाढवतो आणि वर ओलापॅरिब नावाचं औषध टाकतो. जीन खरंच बिघडला असेल तर पेशी मरतात. (पेशींना रविवारीही खायला घालावं लागतं. घरी म्हैस बांधल्यासारखं आहे.)

बाबांनी फोनवर विचारलं, "पास की नापास?" मी समजावू लागले आणि नेहमीप्रमाणे फार लांबवलं. बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. त्यांची बरीच वर्षं छापलेल्या कागदातले दोष हुडकण्यात गेली. मला मध्येच थांबवून म्हणाले, "म्हणजे छपाईत फरक आहे, पण नोट बाद करायची का चालवायची ते ठरत नाही. असंच ना?"

असंच. ते ठरेपर्यंत आतेबहिणीला या रिपोर्टावरून काहीच सांगता येत नाही. कागदापेक्षा घराण्याचा इतिहास जास्त बोलतो. तिने डॉक्टरांना तेवढा तरी सांगावा, म्हणून मी अजून तिच्या मागे आहे.

बाबांनी मात्र ही चौकशी अंगावर घेतली आहे. परवा मध्यरात्री माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला, अजूनही प्रेसच्याच भाषेत: "दादांची चुलत बहीण, सिन्नरला दिलेली. वय अंदाजे 46. छातीला गाठ. खात्री केली आहे. मोठ्या वाड्यातल्या दोघींची माहिती बाकी, रविवारी जाणार. नोंद घ्यावी."