लॉक केलेल्या कार्डाला ‘नाही’ नेमकं कोण म्हणतं? (रीड-ओन्ली रिग, पुढचा टप्पा)

मंडळी, जुनी एसडी कार्डं, पेनड्राइव्ह आणि फ्लॉप्या यांची जशीच्या तशी इमेज (सगळ्या बाइट्सची हुबेहूब प्रत) काढायची रिग बऱ्यापैकी उभी राहिलीय. जुना लॅपटॉप, त्यावर साधं डेबियन लिनक्स, दोन-तीन कार्ड रीडर आणि एक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, बस. अट एकच, आत आलेल्या मीडियावर एक बाइटसुद्धा लिहिला जाता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं, पण आजकालच्या सिस्टिमचे हात लिहिल्याशिवाय राहतच नाहीत. विंडोजला पेनड्राइव्ह लावला की ते गुपचूप ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ फोल्डर टाकून मोकळं होतं, मॅक स्पॉटलाइटचे लपवलेले फोल्डर ठेवतो, आणि लिनक्सही काही साव नाही, फॅटचं (पेनड्राइव्हवर हमखास असणारी फाइलसिस्टिम) व्हॉल्यूम नेहमीसारखं माउंट केलं, म्हणजे वापरायला जोडलं, की त्यावर डर्टी बिट (‘सध्या वापरात’ अशी खूण) लावतं.

मग लोक म्हणतात अरे लॉक कर ना. तर या वेळचा सगळा वेळ त्यातच गेला, की लॉक केल्यावर ‘नाही’ नेमकं कोण म्हणतं.

फ्लॉपीची गोष्ट एकदम सरळ. साडेतीन इंचीचं भोक उघडं असलं की लॉक, सव्वापाच इंचीला उलट, बाजूची खाच चिकटपट्टीने झाकली की लॉक. ते बघतो ड्राइव्ह स्वतः आणि लिहायचा करंट त्याचं सर्किटच चालू होऊ देत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतंय कोण! डॉसला बायोसकडून एरर कोड ३ यायचा आणि मग आपलं ते ‘अबॉर्ट, रीट्राय, फेल’. मला अजूनही हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

एसडी कार्डाचं मात्र निराळंच. कडेची ती सरकपट्टी म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकचा तुकडा, आतल्या चिपला तिची एकही तार जात नाही, कार्डाला पत्ताच नसतो आपण लॉक आहोत याचा. स्लॉटमधला एक छोटा स्विच पट्टी कुठे आहे ते बघतो, आणि पुढे काय करायचं ते होस्टने, म्हणजे कॅमेऱ्याने किंवा लॅपटॉपने, ठरवायचं. थोडक्यात ही पुणेरी पाटी आहे, वाचणाऱ्याने वाचली तर ठीक. पुरावा हवा असेल तर कॅननच्या कॅमेऱ्यांसाठीचं सीएचडीके (कार्डावरून चालणारं, जास्तीच्या सोयी देणारं सॉफ्टवेअर) बघा: कार्ड बूटेबल करून मुद्दाम लॉक करायचं, कॅमेरा ते लॉक बघून कार्डावरची डिस्कबूट फाइल चालवतो, आणि नंतर त्याच लॉक केलेल्या कार्डावर फोटो आरामात सेव्ह होत राहतात.

आता माझ्या टेबलावरचं. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्लॉटमध्ये लॉक कार्ड घातलं की डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या लॉगमध्ये) कार्डाच्या नावापुढे कंसात ‘आरओ’, म्हणजे रीड-ओन्ली, येतं, कारण तिथे कर्नल (लिनक्सचा गाभा) थेट कंट्रोलरच्या रजिस्टरमधला १९ नंबरचा बिट वाचतो. यूएसबी रीडरमध्ये मधे एक दलाल येतो. कर्नल ‘मोड सेन्स’ (तुझी स्थिती सांग) कमांड पाठवतो, रीडरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) उत्तरात एक बिट देतं, त्यावरून ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ की ‘ऑफ’ ते छापलं जातं. एका रीडरने इमानदारीत ऑन सांगितलं, दुसऱ्या स्वस्तातल्या बिननावाच्या रीडरने त्याच लॉक कार्डाला ऑफ सांगितलं!! तो आता फक्त फोटो कॉपी करायला. आणि मायक्रोएसडीला तर पट्टीच नसते, जी असते ती ॲडॉप्टरला.

म्हणून सॉफ्टवेअरचा थर चढवला. यूडेव्हचा (डिव्हाइस जोडलं की ठरलेलं काम करणारी लिनक्सची सोय) नियम लिहिला, कुठलीही यूएसबी डिस्क दिसली की ब्लॉकडेव्ह कमांडच्या सेट-आरओने तिच्यावर रीड-ओन्लीचा झेंडा लावायचा, शिवाय डेस्कटॉपचं ऑटोमाउंट बंद. डीडीने (डिस्कवर थेट बाइट लिहिणारी कमांड) मुद्दाम लिहून बघितलं तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’, छान. पण कर्नलचा कोड चाळताना कळलं की फाइलसिस्टिमसारख्या आतल्या वाटेने आलेलं राइट हा झेंडा अडवेलच याची खात्री नाही. २०१८ मध्ये ब्लॉक लेयरने (कर्नलचा डिस्क सांभाळणारा भाग) अशी राइट्स सरळ नाकारायला सुरुवात केली होती, त्याने जुनी एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारी) टूल्स मोडली, मग लिनक्सचा जनक टोरवाल्ड्सने तेवढा भाग मागे घेतला आणि नाकारण्याच्या जागी लॉगमध्ये नुसती वॉर्निंग राहिली. म्हणजे ‘लिहू नका’ हे फाइलसिस्टिमने स्वतःहून पाळायचं.

बहुतेक पाळतातही, पण ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमची एक गंमत बघा. रास्पबेरी पायमधून वीज जाऊन बंद पडलेलं कार्ड घ्या, म्हणजे जर्नल (करायच्या बदलांची नोंदवही) अर्धवट. ते ‘आरओ’ ऑप्शन देऊन माउंट केलं तरी ईएक्सटी४ आधी जर्नल रीप्ले करतं, त्यातले राहिलेले बदल पुरे करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं! लॉगमध्ये सरळ सांगतं की रिकव्हरीपुरता राइट ॲक्सेस चालू करतोय. डिव्हाइसवरच झेंडा असेल तर मात्र माउंट नाकारतं आणि ‘नोलोड’ (जर्नलला हात लावू नको) लावून बघा म्हणतं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमला त्याच जागी ‘नोरिकव्हरी’ लागतं. ‘आरओने माउंट केलं म्हणजे सेफ’ म्हणणाऱ्यांना हे एकदा करून दाखवाच.

सध्याची पद्धत अशी, की मूळ मीडिया माउंट करायचाच नाही. झेंडा लावायचा, शा-२५६ (सगळ्या डेटाचा बोटाचा ठसा) काढायचा, डीडीरेस्क्यूने (खराब मीडियाही वाचणारं टूल) इमेज घ्यायची, पुन्हा मूळ मीडियाचा शा काढून जुळवायचा, आणि पुढचं सगळं इमेजवर. एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवायचंच असेल तर इमेजवर कर्नलच्या डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट, सगळी राइट्स वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि इमेज कोरी राहते. आत्तापर्यंत धड वाचल्या गेलेल्या सगळ्या कार्डांचे शा आधी-नंतर जुळलेत. बॅड सेक्टरवाल्यांचा अख्खा शा निघतच नाही, तिथे डीडीरेस्क्यूची मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) जपून ठेवायची.

जाता जाता, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच: पेनड्राइव्ह आपोआप राइट प्रोटेक्ट झालाय, काय करू? विंडोजच्या रजिस्ट्रीतली ‘स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज’ची की, जी एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आहे, किंवा डिस्कपार्टचं ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’, हे दोन्ही सिस्टिमने स्वतः लावलेलं लॉक काढतात. पेनड्राइव्हचा कंट्रोलरच मोड सेन्सला ऑन म्हणत असेल, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या मशीनवरही ऑनच दिसत असेल, तर बहुतेक फ्लॅश संपत आलीय आणि त्याने स्वतःहून शटर खाली ओढलंय. डेटा काढून घ्या आणि सोडा त्याला. फॉरमॅट करून देणारी जादूची टूल्स शोधत बसू नका.

पुढचा प्रयोग सीएसडी रजिस्टरचा, म्हणजे एसडी कार्डाच्या आतल्या स्वतःच्या माहितीच्या नोंदीचा. तिथे तात्पुरत्या राइट प्रोटेक्टचा १२ नंबरचा बिट असतो, तो लावला की कार्ड स्वतःच नाही म्हणायला पाहिजे. शेजारचा १३ नंबर कायमचा, एकदा लागला की परत नाही, त्यामुळे रद्दीतलं कार्ड बाजूला काढलंय. यासाठी कमांड २७ थेट पाठवावी लागते आणि सोबत नवीन सीआरसीही (चूक पकडणारा तपासणी आकडा), यूएसबी रीडरमधून ते जमत नाही, म्हणून मायक्रोकंट्रोलरला एसपीआयवर (चिप्सना थेट बोलायची साधी तारांची पद्धत) कार्ड जोडतोय. कोणी आधी केलं असेल तर वायरिंगचा फोटो टाका राव.