घरातलं वायफाय पोझिशनिंग: सिग्नलचा नकाशा जमला, आता एफटीएम

घरातल्या वायफाय सिग्नलवरून एका छोट्या उपकरणाची, म्हणजे टॅगची, जागा शोधायचा हा माझा प्रयोग. टॅग कुठल्या खोलीत आहे, हे आता जवळजवळ दर वेळी बरोबर येतंय. खोलीच्या आत मात्र दोन-तीन मीटरचा फरक पडतोच, आणि पुढची लढाई त्याच दोन-तीन मीटरांची आहे.

सध्याची मांडणी अशी: चार ऍक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी उपकरणं), टॅग म्हणून बॅटरीवरचा ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) बोर्ड आणि टॅगचे स्कॅन, म्हणजे कुठला पॉइंट किती ताकदीनं दिसतो याच्या नोंदी, साठवणारा एक छोटा सर्व्हर. फोनऐवजी बोर्ड घेतला, कारण अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ऍपही दोन मिनिटांत चारच स्कॅन करू शकतं. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही मर्यादा काढता येते, पण दुसऱ्याच्या फोनवर ते करायला सांगणं काही खरं नाही. उलट बाजूनं, म्हणजे ऍक्सेस पॉइंटनीच फोनची चाहूल घ्यायची म्हटलं, तर नेटवर्कला न जोडलेले फोन हल्ली बदलता मॅक ऍड्रेस (नेटवर्कवरचा उपकरणाचा ओळख क्रमांक) दाखवतात. ते तसंच असायला हवं. ज्या उपकरणाच्या मालकाला ते सापडायला हवं आहे, तेवढंच शोधावं, असं माझं ठाम मत आहे.

सिग्नलच्या ताकदीवरून थेट अंतर काढायचा मार्ग मी आता पूर्ण बंद केलाय. कारण आकड्यांतच दिसतं. एक मीटरवर उणे ४० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक; आकडा जितका जास्त उणे, तितका सिग्नल अशक्त) मिळतात असं धरा आणि टॅगला उणे ६५ दिसतायत. अंतराबरोबर सिग्नल किती झपाट्यानं घटतो ते सांगणारा घातांक मोकळ्या हवेसाठीचा, म्हणजे २, घेतला तर अंतर येतं सुमारे १८ मीटर. ३ घेतला तर ७ मीटरच्या आत, ३.५ घेतला तर ५ च्या आसपास. आणि घरात हा घातांक प्रत्येक भिंतीगणिक, प्रत्येक दारागणिक बदलतो. त्यात २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, परावर्तित लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे टॅग वीतभर सरकवला तरी रीडिंग कित्येक डेसिबलनी हलतं. एवढ्या डळमळीत आकड्यावर तीन वर्तुळं काढून छेदनबिंदू शोधण्यात काही अर्थ नाही.

म्हणून फिंगरप्रिंटिंग. प्रत्येक जागेवर सगळ्या ऍक्सेस पॉइंटची ताकद मिळून जो आकड्यांचा संच येतो, तीच त्या जागेची ओळख. इथे भिंती मदतीला येतात, कारण त्यांच्यामुळेच शेजारच्या दोन खोल्या वेगळ्या दिसतात. कल्पना जुनीच: मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बहल आणि पद्मनाभन यांनी २००० साली ‘रडार’ या प्रणालीत एका मजल्यावर तीन बेस स्टेशन वापरून २ ते ३ मीटरची अचूकता दाखवली होती. प्रत्येक जागेवर चारही दिशांना तोंड करून मोजायचं, हेही त्यांच्याच प्रयोगात आहे आणि ते टाळू नका. अंगातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच शोषतं; टॅग खिशात असेल तर नुसतं वळल्यानं जागा बदलल्यासारखी वाटते.

मी जमिनीवर एक मीटरची जाळी आखून मोजमाप केलं; या सगळ्या जागांच्या ओळखी मिळून सिग्नलचा नकाशा होतो. मोजणीआधी सर्व ऍक्सेस पॉइंटचं ऑटो चॅनल आणि ऑटो पॉवर बंद करा, नाहीतर नकाशा तयार झाल्यावर रात्रीतून एखादा पॉइंट आपली पॉवर बदलेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. एकाच पॉइंटचे दोन बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) दोन वेगळ्या बीएसएसआयडी (पॉइंटच्या प्रत्येक रेडिओची स्वतंत्र ओळख) म्हणून ठेवा. नव्या टॅगवर मी ५ गिगाहर्ट्झही वाचतोय, आणि खोल्या वेगळ्या ओळखायला तो बँड सरस आहे. भिंतीत तो जास्त अडतो; इंटरनेटसाठी ही उणीव, आपल्यासाठी हाच गुण.

जुळवणीला साधं वेटेड के-एनएन आहे, म्हणजे नकाशातल्या सर्वांत मिळत्याजुळत्या काही जागा घेऊन त्यांची वजनी सरासरी काढायची. त्यात एका गोष्टीकडे बारकाईनं बघायला लागतं: स्कॅनमध्ये न दिसलेला पॉइंट. त्याच्या जागी उणे १०० भरायची पद्धत आहे. पण एखादा पॉइंट उणे ८८ वर कधी दिसतो, कधी नाही, तेव्हा नुसत्या त्या ये-जाण्यानं १२ डेसिबलचा फरक उभा राहतो आणि जवळच्या पॉइंटची खरी माहिती त्याखाली दबते. मी फार अशक्त रीडिंगचं वजन कमी केलं आणि किती स्कॅनमध्ये तो दिसला, हे प्रमाण वेगळं साठवलं. उत्तरं लगेच स्थिरावली.

तरीही सगळ्यात मोठा फायदा कोडमुळे झाला नाही. तो पॉइंट हलवल्यामुळे झाला. चारांपैकी तीन पॅसेजच्या एका रेषेत होते. अशा मांडणीत रेषेच्या डावीकडची आणि उजवीकडची जागा जवळपास सारखीच दिसते, आणि कुठलाही अल्गोरिदम नसलेली माहिती निर्माण करू शकत नाही. मधला पॉइंट उचलून बाहेरच्या कोपऱ्यात नेला, नकाशा पुन्हा मोजला आणि पॅसेजच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांची अदलाबदल थांबली. कव्हरेजसाठी पॉइंट मध्यभागी हवेत, पोझिशनिंगसाठी कडांना. दोन्ही साधायचं असेल तर पॉइंट वाढवण्याला पर्याय नाही.

आता एफटीएम, म्हणजे फाइन टाइमिंग मेजरमेंट. हे वायफायच्या ८०२.११ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत आलं: ताकद मोजायची नाही, पॅकेट जाऊन यायला लागलेला वेळ मोजायचा. सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे जाण्या-येण्याच्या वेळेत एक नॅनोसेकंद चुकला तर अंतर १५ सेंटिमीटरनी चुकतं. मूळ ईएसपी३२ मध्ये ही सोय नाही. त्याच घराण्यातल्या एस२, सी३ आणि एस३ या चिपमध्ये आहे. मी एस३ चे दोन बोर्ड समोरासमोर ठेवून सुरुवात केली. चॅनल ४० मेगाहर्ट्झचा ठेवा, कारण बँडविड्थ जितकी रुंद तितकी पहिली लहर नंतरच्या परावर्तनांपासून वेगळी काढता येते. अगदी जवळ ठेवले की कधीकधी उणे अंतर येतं. तो हार्डवेअरमधला ठरावीक विलंब, प्रत्येक जोडीसाठी एकदा मोजून वजा करायचा.

भिंतीआडचं चित्र जास्त रंजक आहे. थेट लहर अडली की फिरून आलेली लहर मोजली जाते, त्यामुळे तिथे अंतर वाढीव येतं. म्हणजे त्रुटी एकाच बाजूला झुकते. म्हणून एका बर्स्टमधल्या (एका दमात घेतलेल्या मापांच्या गटातल्या) मापांची सरासरी न घेता खालच्या चतुर्थांशातली मापं घेतोय, आणि भिंतीपलीकडची अंतरं त्यानं बरीच ताळ्यावर आली.

पुढचा टप्पा पार्टिकल फिल्टर, म्हणजे टॅगच्या शक्य जागा दाखवणारे पुष्कळ काल्पनिक कण सोडून मापांशी न जुळणारे गाळत जायचे: नकाशानं खोली ठरवायची, एफटीएमनं खोलीतली जागा, आणि भिंतीतून आरपार जाणारे कण फेकून द्यायचे. चाचणीचे बिंदू मात्र जाळीवरचे नकोत, आणि मोजणी वेगळ्या दिवशी, घरात माणसं वावरत असताना व्हायला हवी. निकाल देताना मध्यक त्रुटीबरोबर ९० वा शतमानही (दहापैकी नऊ मोजण्यांची त्रुटी ज्याच्या आत राहते तो आकडा) देणार आहे. फिल्टर भरकटला तर ते तिथेच दिसेल. ज्यांनी एस३ वर तीनहून जास्त रिस्पॉन्डर (टॅगच्या एफटीएम विचारणीला उत्तर देणारे बोर्ड) एकत्र चालवलेत, त्यांनी दोन बर्स्टमधला वेळ किती ठेवला ते जरूर कळवा. सध्या मी रिस्पॉन्डरना एकामागून एक विचारतोय, आणि चालत्या टॅगला तेवढा वेळ परवडत नाही.