कुर्ला ते इगतपुरी, दुसऱ्या गाडीच्या शॉकअपवर

मार्ग: कुर्ल्याचा सीएसटी रोड, पूर्व द्रुतगती महामार्ग, माजिवडा, भिवंडी बायपास, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी. एका बाजूने सुमारे ११० किलोमीटर. गाडी एक टनाची जुनी पिकअप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). मागचे दोन्ही शॉकअप भलत्याच मॉडेलचे, कारण मूळ नंबरचा माल मागितला की काउंटरवरून "आता येत नाही" एवढंच ऐकू येतं. हौद्यात तांदळाची ५० किलोची दहा पोती.

खरेदीला जाताना जुना शॉकअप आणि मोजपट्टी बरोबर हवी. दुकानदार "बसतो, सगळे हाच घालतात" म्हणेल. बसतो म्हणजे बोल्ट शिरतो, एवढाच त्याचा अर्थ. कुर्ल्यात जुना माल घेताना जोडी एकाच गाडीवरून उतरलेली घ्या. पुढे एक आणि मागे दुसरा प्रकार चालून जातो. डावा एक, उजवा दुसरा हे मात्र अजिबात नको. घाटात ब्रेक मारला की गाडी एका कुशीवर बसते. दांडीच्या क्रोमवर गंजाचे टिपके असतील, सीलखाली ओल असेल किंवा ताज्या काळ्या रंगाखाली नळीभोवती वेल्डिंगची रेघ दिसत असेल, तर तो शॉकअप तिथेच ठेवा. तो कापून, तेल भरून परत जोडलेला असतो.

जोडी सारखी आहे का, हे दुकानातच कळतं. दोन्ही शॉकअप उभे धरून चार-पाच वेळा दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा निघते. मग पूर्ण दाबून, वरचा डोळा (टोकाची, बोल्ट शिरतो ती कडी) अडकवून, खाली दहा किलोचं वजन टांगा आणि पूर्ण उघडायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. दोघांत पाचव्या हिश्शाहून जास्त फरक असेल तर ती जोडी नाही.

आता मापं. सगळी डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत. जुना शॉकअप उघडा ५२० मिमी, बंद ३२०. नवा उघडा ५४०, बंद ३३५. चेसिस उचलून चाकं लोंबती सोडली तेव्हा, शॉकअप ज्यांत बसतो त्या वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटमधलं अंतर ५०५ भरलं, म्हणजे उघडताना ३५ मिमी शिल्लक. हे अंतर शॉकअपच्या उघड्या लांबीपेक्षा जास्त निघालं, तर धुरा शॉकअपवरच लटकतो आणि काही दिवसांत डोळा किंवा ब्रॅकेट तुटतं. रिकाम्या गाडीत, चाकं जमिनीवर असताना तेच अंतर ४३०, आणि बंप स्टॉपचं (धुरा वर येऊन चेसिसवर आदळू नये म्हणून असलेलं) रबर ते धुरा ८० मिमी. म्हणजे रबर टेकतं तेव्हा ३५० उरतात. शॉकअप ३३५ ला बंद होतो, तर १५ मिमी हाताशी, असं वाटलं. चूक इथेच होती. ती पुढे बायपासवर कळली.

बोल्ट १२ मिमीचा, नव्या डोळ्यातली नळी १४ ची. तिथे पत्र्याची पट्टी गुंडाळायची नाही. महिन्याभरात भोक लांबट होतं आणि खडखड सुरू होते. लेथवर १ मिमी जाडीची स्लीव्ह (बोल्टवर चढणारी बारीक नळी) करून घ्या. डोळ्याची नळी ३२ मिमी रुंद, ब्रॅकेटमधली जागा ३८. म्हणून दोन्ही बाजूंना १२ च्या भोकाचा ३-३ मिमीचा वॉशर. स्लीव्ह ३२ पेक्षा अर्धा मिमी आखूडच ठेवा. लांब झाली तर बोल्टचा दाब स्लीव्हवर जातो आणि डोळा मोकळा फिरतो. ब्रॅकेटचे कान हातोड्याने आत वळवणं हा गॅरेजमधला नेहमीचा उपाय. तिथेच पुढे चीर पडते.

मुंबईच्या दमट हवेत खालचा नट गंजलेलाच असणार. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी १९ चा पाना लावा, नाहीच सुटला तर बोल्ट ग्राइंडरने कापा. गॅसची ज्योत शॉकअपच्या जवळ न्यायची नाही. आत तेल असतं, काहींत दाबाखालचा गॅसही. नवे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने न सुटणारे) हाताने भिडवा, गाडी चाकांवर उतरवा आणि मगच कसा. लटकत्या धुऱ्यावर कसलं तर डोळ्यातलं रबर बूश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

निघण्याआधी दांडीवर एक केबल टाय घट्ट बांधून नळीला टेकवा. शॉकअप जितका दबतो तितका तो वर सरकतो आणि तिथेच थांबतो.

ठाण्यापर्यंत काही नाही. भिवंडी बायपासवर खड्ड्यात मागून कोरडा "ठक्" आला. रबराचा आवाज बोदा असतो, हा लोखंडाचा. शहापूरला पाहिलं तर केबल टाय दांडीच्या पार टोकाला. कारण साधं: ५० मिमी उंचीचं रबर टेकून थांबत नाही, निम्म्यापर्यंत चेपतं. खरं कमीत कमी अंतर ३५० नव्हे, ३२५. शॉकअप १० मिमी लांब पडत होता. बंप स्टॉप दोन बोल्टवर होता म्हणून त्याखाली २५ मिमीची लोखंडी पट्टी घालून लांब बोल्ट लावले आणि केबल टाय पुन्हा नळीला टेकवला. आता पूर्ण चेपल्यावर ३५० उरतात, १५ मिमी मोकळे. किंमत अशी की रिकाम्या गाडीतली ८० मिमीची चाल ५५ वर आली. पूर्ण एक टन भरायचा विचार सोडावा, ७०० किलोच्या पुढे जाऊ नये.

शहापुरातच दोन्ही नळ्यांना हात लावला: सारख्याच कोमट. खराब रस्त्यानंतर एक गरम, एक गार असेल तर गार शॉकअप काम करत नाही. कसारा घाटात वळणांवर झोल दोन्हीकडे सारखा.

परतताना गाडी रिकामी. शॉकअप जड गाडीचे, त्यामुळे रम्बलरवर मागची बाजू उड्या मारते, ओल्यात चाकाची पकड सुटते. धुऱ्याच्या वर तीन पोती तशीच ठेवली तर फरक पडतो. कुर्ल्यात पोहोचल्यावर बोल्ट पुन्हा कसले, खालचे दोन्ही पाव फेरा फिरले. केबल टाय टोकापासून दोन बोटं अलीकडे होता.