तुम्ही विचारलंत म्हणून: पेट्रोल जीपचा गिअरबॉक्स डिझेलमागे बसतो का?

"काका, पेट्रोल जीपचा गिअरबॉक्स डिझेल इंजिनला बसतो का ओ?" खानापूर-जांबोटीकडची माणसं हे विचारतात, निपाणी-चिकोडीकडचीही विचारतात. बैलहोंगलचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये विचारतं, एवढाच फरक. उत्तर सगळ्यांना एकच: बसतंय की! उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगवाले इतके आहेत की बेळगावात कशालाही काहीही बसवून मिळतं. टिकतंय का, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून तेच सांगतो.

गिअरबॉक्सला हॉर्सपॉवरशी काही देणंघेणं नसतं. दात आणि शाफ्ट सोसतात तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ. जुन्या सीजे-३बी जीपचं हरिकेन पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकद ७५ हॉर्सपॉवर, तीही ४००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांना. हिशेब केला तर तिथं टॉर्क पडतो साधारण १३३ न्यूटन-मीटर. तीच ७५ हॉर्सपॉवर एखादं डिझेल २४०० आरपीएमला देत असेल, तर टॉर्क होतो २२२. कागदावर ताकद तेवढीच, पण गिअरबॉक्सवर भार दीडपटीहून जास्त. त्यात डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे प्रत्येक स्फोटाचा दणकाही मोठा. हा दणका थोडाफार गिळतात त्या क्लच प्लेटच्या स्प्रिंगा. मधे स्प्रिंग नसलेली ट्रॅक्टरची प्लेट स्वस्तात मिळते म्हणून घालणारे आहेत. मग न्यूट्रलला गाडी उभी असतानाही गिअरबॉक्स खडखडतो आणि मालक ऑइल बदलत बसतो.

सीजे-३बीचा टी-९० गिअरबॉक्स तीन गिअरचा. टॉपमध्ये ताकद सरळ आरपार जाते, दातांवर भारच नसतो. पहिल्या गिअरला तोच टॉर्क जवळजवळ २.८ पट होऊन बाहेर पडतो. म्हणजे पावसाळ्यात कणकुंबीच्या चिखलात चाक रुतलंय, फोर व्हील लावलंय आणि चालवणारा पहिल्यात पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून बसलाय, दात उडतो तो अशा वेळी. चोर्ला घाट चढताना नाही. घाटाला लोक उगाच घाबरतात.

म्हणून माझं सांगणं असं, की गिअरबॉक्स तोच ठेवायचा असेल तर इंजिनाची हाव धरू नका. महिंद्रानं पुढं जीपमध्ये वापरलेलं प्यूजो एक्सडीपी ४.९० बघा, २११२ सीसीचं. बऱ्यापैकी वेगानं फिरतं आणि टॉर्कही गिअरबॉक्सला झेपेल इतपतच. ट्रॅक्टरजातीचं दांडगं इंजिन घातलंत तर दुसरीही अडचण येते. या जीपचा डिफरन्शियल रेशो ५.३८, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक, टायर १६ इंची. इंजिन २२०० आरपीएमच्या वर जात नसेल तर टॉपमध्ये जेमतेम ताशी ५५ किलोमीटर. पुणे-बंगळूर हायवेला तुमच्या मागे राहतील ते फक्त उसाचे ट्रॅक्टर.

आता जोडणी. इंजिन, फ्लायव्हील, स्टार्टर आणि फ्लायव्हीलचं हाऊसिंग, इथपर्यंत सगळं डिझेलचं ठेवायचं. त्याच्या मागे पेट्रोलचं. दोघांची गाठ पडते क्लच प्लेटवर: बाहेरचा व्यास डिझेलच्या फ्लायव्हीलचा, मधल्या खाचा पेट्रोलच्या गिअरबॉक्स शाफ्टच्या. डिझेलचं हाऊसिंग आणि पेट्रोलचा गिअरबॉक्स जोडायला मधे जी लोखंडी प्लेट येते तिच्या जाडीएवढा गिअरबॉक्स मागे सरकतो, मग शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बुशपर्यंत, म्हणजे ते टोक पेलणाऱ्या बुशपर्यंत, पोचत नाही. बुश लांब करून घ्यावा लागतो. गिअरबॉक्स सरकला की प्रॉपेलर शाफ्टचीही लांबी बदलते, पुढची आणि मागची दोन्ही.

सगळ्यात महत्त्वाचं सेंटर, म्हणजे क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत येणं. क्रँकवर डायल गेज लावून क्रँक फिरवायचा आणि गिअरबॉक्स बसतो ती मागची गोल बोअर बघायची. रनआउट, म्हणजे गेजच्या काट्याची हालचाल, पाच थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात) आत हवा. बोल्टची भोकं जुळली म्हणजे सेंटर जुळलं असं मिस्त्री म्हणतो, तेव्हा तिथून गाडी उचलून आणलेली बरी. सेंटर चुकलं की क्लच अर्धवट सुटतो, पायलट बुश खाल्ला जातो आणि चालत्या गाडीत टॉप गिअर आपोआप बाहेर येतो. दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी.

डिझेलचं वजन जास्त, पुढचे पाटे बघून घ्या. गिअर ऑइल जीएल-४ घाला. आतल्या पितळी रिंगांना जीएल-५ सोसत नाही.

कागदाचं काम इंजिन उतरवण्याआधी करायचं, नंतर नाही. आरसीवर इंधन आणि इंजिन नंबर लिहिलेला असतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या बदलांबद्दलच आहे, आणि सीमेच्या अल्याड केए-२२ असो की पल्याड एमएच-०९, कायदा एकच. आरटीओ नको म्हणाले तर विषय संपला, पेट्रोलच चालवा.

होय म्हणाले तर येताना क्लच प्लेट आणि शाफ्ट दोन्ही घेऊन या. मोबाइलवरच्या फोटोतून खाचा मोजता येत नाहीत.