चोवीस किलोमीटरवरचा नेम

युद्धनौकांबद्दल मी कुठेही बोललो की शेवटी एक हात वर होतोच. विचारणारा कधी नववीतला मुलगा असतो, कधी माझ्याच वयाचे गृहस्थ. प्रश्न मात्र ठरलेला: “सर, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, उपग्रह नव्हते. मग क्षितिजावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या जहाजावर नेम कसा धरायचे?” कार्यक्रमाच्या शेवटी उत्तराला पाच मिनिटं मिळतात आणि घरी येईपर्यंत मला रुखरुख लागून राहते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगतो.

9 जुलै 1940. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियाच्या किनाऱ्याबाहेर ब्रिटिश आणि इटालियन ताफे समोरासमोर आले. ब्रिटिश ताफ्याचे ॲडमिरल कनिंगहॅम ‘वॉरस्पाइट’ या युद्धनौकेवर होते. तिच्या 15 इंची तोफेचा एक गोळा इटालियन ‘जुलिओ चेझारे’च्या धुराड्यावर जाऊन फुटला. धूर खालच्या बॉयलरखोल्यांत शिरला, आठपैकी चार बॉयलर बंद करावे लागले, जहाजाचा वेग उतरला आणि इटालियन ताफा मागे फिरला. दोन जहाजांमधलं अंतर होतं साधारण 24 किलोमीटर. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर तोफेनं इतक्या लांब अचूक मारा झाल्याची उदाहरणं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आता त्या क्षणाचं गणित बघा. गोळ्याचं वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. तोफेतून सुटल्यावर त्याला तिथवर पोचायला साधारण पाऊण मिनिट लागणार. समोरचं जहाज 25 नॉटनं, म्हणजे तासाला 46 किलोमीटरच्या वेगानं पळत असेल, तर तेवढ्या वेळात ते पावणेसहाशे मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या तिप्पट. तेव्हा जहाज दिसतंय तिथे मारून उपयोग नाही. पाऊण मिनिटानंतर ते जिथे असेल, तिथल्या रिकाम्या पाण्यावर नेम धरायचा. त्यात आपलंही जहाज पळतंय, डुलतंय. वारा आहे, हवेची घनता आहे. तोफेची नळी आतून किती झिजलीय, दारू किती गरम आहे, यानंही पल्ला बदलतो. पेचदार नळीतून गरगरत निघालेला गोळा थोडा बाजूला वाहवतो, तेही धरायचं.

पहिली अडचण अंतर मोजण्याचीच. त्यासाठी एक लांब आडवी नळी असायची, दोन्ही टोकांना एकेक भिंग. दोन भिंगांतून येणाऱ्या प्रतिमा जुळवल्या की त्यांच्यातल्या कोनावरून अंतर कळतं. आपल्या दोन डोळ्यांनाही अंतर असंच उमगतं. पण नळी 15 फुटांची असली, तर 24 किलोमीटरवरच्या जहाजासाठी तो कोन एका अंशाचा जेमतेम शंभरावा भाग भरतो. पंचांगवाल्यांच्या भाषेत एक कलासुद्धा नाही, चाळीसेक विकला (अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात, कलेच्या साठाव्या भागाला विकला). त्यात एका विकलेची चूक झाली की अंतर सहाशे मीटरनं चुकलं. जहाज हलतंय, भिंगावर खारं पाणी उडतंय, शेजारी तोफा धडधडताहेत, आणि माणूस डोळा लावून विकला जुळवत बसलाय.

हे सगळे आकडे मग जायचे खाली, जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, चिलखतामागच्या एका खोलीत. तिथे एक गणिती यंत्र असायचं. माझा जीव खरा तिथे अडकलाय. मी आयटीआयत एकतीस वर्षं मशीनशॉप शिकवलं, दातेरी चाकं कापायला शिकवली, त्यामुळे असेल. लोकांना तोफा दिसतात, चिलखत दिसतं. मला युद्धनौका म्हटलं की ती खोली दिसते.

त्या यंत्राचं हृदय इतकं साधं आहे की मी वर्गात लाकडात करून दाखवायचो. जुन्या ग्रामोफोनची तबकडी घ्या, एकाच वेगानं फिरणारी. तिच्यावर एक छोटं चाक उभं टेकवा. मध्याजवळ टेकवलं तर ते संथ फिरतं, काठाकडे सरकवलं की भराभर. बरोब्बर मध्यावर ठेवलं तर थांबतं, आणि मध्य ओलांडून पलीकडे नेलं की उलटं फिरायला लागतं. झालं! शत्रूचं अंतर ज्या वेगानं कमी-जास्त होतंय, त्या प्रमाणात चाक मध्यापासून सरकवायचं. चाकाचे फेरे मोजत राहिलं की अंतर किती बदललं ते क्षणोक्षणी मिळत जातं. कॉलेजात इंटिग्रेशन म्हणून ज्याची धास्ती घेतात, ते इथे दोन बोटांत फिरताना दिसतं. मध्य ओलांडल्यावर चाक उलटं फिरलं की वर्गात हमखास “आँ?” असा आवाज यायचा. त्या आवाजासाठी मी तो तास दर वर्षी घेतला.

चाक बाजूला सरकवताना घासतं आणि फेऱ्यांचा हिशेब चुकतो. त्यावर तोड म्हणून चाकाऐवजी पोलादी गोळी वापरायची, ती घासण्याऐवजी गडगडते. आर्थर पोलन या माणसानं ते करून दाखवलं होतं. तो नौदलातला नव्हता, छपाईची लायनोटाइप यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख होता. 1900 साली माल्टाजवळ त्यानं नौदलाचा गोळामाराचा सराव पाहिला. दीड किलोमीटरच्या आतला तो सराव पाहून त्याला चैन पडेना. पुढची कित्येक वर्षं आणि आपला पैसा त्यानं या एका गणितात घातला. पहिल्या महायुद्धाआधी नौदलानं मुख्यतः आपल्याच अधिकाऱ्याचं, ड्रायरचं यंत्र स्वीकारलं. 1925 साली सरकारी आयोगानं पोलनला 30 हजार पौंड देऊन त्याचं श्रेय मान्य केलं. माझ्या मते ते फार उशिरा झालं. ड्रायरचं यंत्र टाकाऊ नव्हतं, पण 1916 साली जटलंडला, ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांच्या मोठ्या लढाईत, पोलनचं यंत्र अधिक जहाजांवर हवं होतं.

उत्तर तयार झालं की तारेनं वर तोफांकडे जायचं. चाप मात्र तोफेपाशी नाही, उंच डोलकाठीवरच्या एका दुर्बिणीपाशी. तिथून एकच माणूस सगळ्या तोफा एकदम डागायचा, तेही डुलणारं जहाज नेमकं ठरल्या कोनात आल्यावर. मग पाऊण मिनिट वाट. पाण्याचे उंच खांब उठले की बघायचं, अलीकडे की पलीकडे. एक फैर अलीकडे आणि पुढची पलीकडे पडली की शत्रू मधे सापडला.

आणखी एक गोष्ट. ‘वॉरस्पाइट’च्या तोफा पूर्वी फक्त 20 अंश वर उचलता यायच्या. 1934 ते 1937 या काळात तिची जवळजवळ पुनर्बांधणी झाली, कोन 30 अंशांवर गेला आणि नवं गणिती यंत्रही बसलं. त्याआधी हा 24 किलोमीटरचा पल्ला तिला झेपलाच नसता. (हीच ‘वॉरस्पाइट’ एप्रिल 1942 मध्ये, जपान्यांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केल्यानंतर, मुंबईला आली होती. बॅलार्ड पियरजवळून जाताना मला दर वेळी ते आठवतं.)

खाली त्या यंत्राभोवती उभं कोण असायचं? ब्रिटिश जहाजांवर बहुतेकदा बँडवाले. रॉयल मरीन्सचे वादक. बंदरात ते डेकवर व्हायोलिन आणि कॉर्नेट वाजवायचे आणि लढाईत हातचाकं फिरवत काट्याशी काटा जुळवत राहायचे. समुद्र दिसत नाही, शत्रू दिसत नाही, फक्त डायल. जहाज बुडायला लागलं तर इतक्या खालून वर येणं जवळजवळ अशक्य. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यातला सुमारे चौथा हिस्सा गेला. 24 मे 1941 ला ‘हूड’ ही ब्रिटिश युद्धनौका फुटून बुडाली, तेव्हा जहाजावरच्या 1418 जणांपैकी तिघे वाचले.

लंडनला मुलाकडे गेलो होतो, तेव्हा टॉवर ब्रिजजवळ नांगरलेल्या ‘बेलफास्ट’वर मी असं यंत्र पाहिलं. ‘बेलफास्ट’ क्रूझर, युद्धनौकेपेक्षा लहान, पण यंत्र त्याच जातीचं. कमरेएवढा उंच लोखंडी पेटारा, काठानं हातचाकं आणि डायल. दोन माणसांमध्ये कोपर हलवायला जेमतेम जागा. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

एवढं करून किती गोळे लागायचे? जटलंडला दोन्ही बाजूंचे शंभरातले जेमतेम तीन. हे मी कधी लपवत नाही. पण त्या तिनासाठी काय काय जुळून यावं लागायचं, ते एकदा कळलं की तो आकडा मला लहान वाटत नाही.

रडार आलं, मग विमानांनी युद्धनौकांचे दिवस संपवले. तरी 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या ‘मिसूरी’ आणि ‘विस्कॉन्सिन’ यांनी 16 इंची तोफा डागल्या, तेव्हा पोटातलं गणिती यंत्र दुसऱ्या महायुद्धातलंच होतं. त्याची दातेरी चाकं कापणारे कामगार तोवर केव्हाच निवृत्त झालेले असणार.