चौशाच्या मुडपलेल्या शेपट्या: निम्मा दोष स्टेनचा निघाला

मागच्या नोंदीत चौसा (चार दाती) खिल्लार खोंड वीर्यतपासणीत पासाच्या रेषेखाली गेला होता: 100 शुक्राणूंत निर्दोष फक्त 54, आणि शेपटी मुडपलेले 31. अंडकोशाच्या घेराची टेप 33 सेंमी, अंडकोश दोन्ही बाजूंनी सारखे, हाताला ना गाठ ना मऊपणा. चाल आणि खूर चोख. पुढे सरकणारे शुक्राणू साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 30 च्या किमान अटीच्या दुप्पट. मग शेपट्याच का बिघडाव्यात?

पहिला संशय थंडीवर. पौषात दूधगंगेकाठी पहाटे काच हातात धरवत नाही, आणि गार काचेवर वीर्याचा थेंब पडला की शेपट्या वळतात. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात 40 वॅटचा पिवळा बल्ब आणि अंडी उबवणीवाल्यांचा डब्ल्यू-1209 थर्मोस्टॅट बसवला. काचा, स्टेन (शुक्राणू रंगवायचं द्रावण), ड्रॉपर, नळी, सगळं 37 अंशांवर. खोकं फारच छान चालतं. गोल तबकडीचा थर्मामीटर मात्र कुणी घेऊ नका, दोन-तीन अंशांनी खुशाल खोटं सांगतो. कृत्रिम योनीतलं (वीर्य गोळा करायच्या नळीतलं) पाणी आधीसारखंच 42 ते 45.

तरीही मुडपलेल्या शेपट्या 29. म्हणजे थंडी नव्हे.

मग त्याच वीर्याचा एक थेंब 37 अंशांच्या बफर्ड फॉर्मल सलाइनमध्ये टाकला. त्यात शुक्राणू आहे त्या स्थितीत थिजतो, नंतर शेपटी वळत नाही. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली मुडपलेल्या फक्त 13! तयार बाटलीतला इओसिन-निग्रोसिन स्टेन साध्या डिस्टिल्ड पाण्यात कालवलेला असावा. क्षार कमी पडले की पेशी पाणी ओढते आणि शेपटी दुमडते. पुरवठादार लेबलवर बफरचा (क्षारांच्या द्रावणाचा) उल्लेखही करत नाही, फुकट गेले पैसे. आता इओसिन आणि निग्रोसिन सुटे आणून 2.9 टक्के सोडियम सायट्रेटमध्ये स्टेन बनवला, गाळला. त्यात मुडपलेल्या 14, फॉर्मल सलाइनशी जुळणाऱ्या.

नव्या स्टेनवर निर्दोष 69. पासाची रेषा 70!

एका आकड्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही. शंभरच मोजले तर आठ-नऊची वरखाली निव्वळ योगायोगानेही होते. 200 मोजले, 137 निर्दोष. रेषेवरच लोंबकळतोय. उरलेल्या मुडपलेल्यांत बहुतेकांच्या घडीत पेशीद्रवाचा थेंब अडकलेला दिसतो, म्हणजे हे वळण काचेवरचं नव्हे, एपिडिडिमिसमधलंच (वृषणाला चिकटलेली नळी, जिथे शुक्राणू पिकतात). शिवाय काहींचा मधला भाग (डोक्यालगतचा शेपटीचा जाड तुकडा) तुटक.

मधला भाग बिघडला की गव्हाणीत डोकवावं. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य नेमकं तिथेच घाव घालतं. रवंथ करणाऱ्यांच्या पोटात त्यातलं बरंच निष्प्रभ होतं, पण वळूचे शुक्राणू तरी सुटत नाहीत. यांत्रिक (एक्सपेलर) घाण्याच्या पेंडीत उष्णतेने ते बरंचसं बांधलं जातं. सॉल्व्हंटच्या (रसायनाने तेल काढलेल्या) पेंडीत सुटं जास्त राहतं. इकडे चिकोडी-रायबागला दुकानात ‘सरकी पेंड’ एवढंच मागितलं तर कुठली मिळेल ते दुकानदारालाही सांगता येत नाही.

बेत होता सरकी बंद आणि व्हिटॅमिन ई चालू, दोन्ही एकदम. लिहिता लिहिता बदलला. जुळलेला (सगळे दात आलेला) मोठा वळू तीच पेंड खातो आणि निर्दोष 82. मग सरकीवरचा आरोप ढिला पडला? तसंही नाही. घमेलं दोघांचं सारखं, पण खोंड वजनाने हलका, त्यामुळे किलोमागे मात्रा त्याचीच जास्त. म्हणून चौशाला शेंगपेंड, बाकी कडबा-मका जैसे थे, आणि मोठ्याची गव्हाण मुद्दाम न बदलता. हवामानाने फरक पडला तर दोघांत दिसेल, पेंडीने पडला तर एकातच. व्हिटॅमिन ई तूर्त बाजूला, नाहीतर गुण कुणाचा ते कळायचं नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 61 दिवस, वर एपिडिडिमिसचा प्रवास आठ-दहा. त्यामुळे 70 दिवसांच्या आत पुन्हा मोजणं म्हणजे जुनाच माल तपासणं. तोवर ताप किंवा लंपी आली तर मोजणी तिथून पुन्हा सुरू. माजावर येणाऱ्या गाई मोठ्याकडे. चौशाला आठवड्यातून एकदा डमीवर चढवायचं, साठलेला माल निघून जावा म्हणून.

ब्रुसेलाचा आणि टीबीचा रिपोर्ट दोघांचाही स्वच्छ आला.